मोडी दस्तऐवजांच्या सूचीचा जुना संगणक देखभालीच्या दिवशी बंद पडतो: एक प्रकरण अभ्यास

या लेखात संस्था, गाव आणि व्यक्ती यांची नावे दिलेली नाहीत, आणि ज्यावरून ओळख पटू शकेल असे गौण तपशील वगळले आहेत. तांत्रिक क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे ते त्या क्रमातच आहे.

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी इतिहास संशोधनाचे काम करणारी एक जुनी विश्वस्त संस्था आहे. इनामदार, देशमुख, कुलकर्णी अशा घराण्यांनी वेळोवेळी स्वाधीन केलेले मोडी कागद तिच्या दप्तरखान्यात रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. या कागदांची सूची पूर्वी जाड कार्डांवर होती. 1990 च्या दशकाच्या मध्यावर ती संगणकावर घेण्याचे ठरले आणि ते काम संस्थेच्या एका आजीव सभासदाने अंगावर घेतले. हे गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले अभियंते होते, त्यांना मोडी वाचता येत होती आणि संगणकाची मनापासून हौस होती. त्यांनी 486 जातीचा संगणक जुळवून घेतला, त्यावर स्वतः प्रोग्राम लिहिला आणि पुढे कित्येक वर्षे तो सांभाळला. त्यांच्या निधनानंतरही यंत्र चालूच राहिले. संशोधक आला की दप्तरी सहायक ते सुरू करीत, घराण्याचे किंवा गावाचे नाव टाकीत, रुमालांचे क्रमांक चोवीस पिनांच्या प्रिंटरवर छापून देत आणि यंत्र बंद करीत.

संस्थेत याखेरीज काही नवे संगणकही होते, आणि त्या सर्वांसाठी गावातील एका तंत्रज्ञाशी वार्षिक देखभालीचा करार होता. कराराच्या यादीत हा जुना संगणक इतरांच्या बरोबरीने एका ओळीत नोंदलेला होता. तो निराळा आहे, त्याला हात लावण्यापूर्वी कोणाला तरी विचारले पाहिजे, असे त्या यादीत कोठेही लिहिलेले नव्हते. तसे लिहायला कोणाला सुचावे, तर ते यंत्र निराळे कशामुळे आहे हे तरी कोणास ठाऊक असायला हवे होते. ते ज्यांना ठाऊक होते ते हयात नव्हते.

## यंत्रात नेमके काय वेगळे होते

यंत्राचे वेगळेपण तीन थरांत होते. त्यांपैकी दोन थर डोळ्यांना दिसत होते, तिसरा दिसत नव्हता, आणि सगळा घोटाळा त्या तिसऱ्यापायी झाला.

पहिला थर जिस्ट कार्डाचा. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले हे तंत्र डॉसच्या, म्हणजे विंडोजपूर्वीच्या आज्ञा टाइप करून चालवायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, काळात भारतीय लिप्यांसाठी मोठा आधार होते. मदरबोर्डवरील आयएसए खाचेत बसणारे हे कार्ड साध्या इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेल्या डॉस प्रोग्रामच्या पडद्यावर देवनागरी उमटवीत असे. त्यामुळे ज्या प्रोग्रामला देवनागरीचा गंधही नव्हता त्यात मराठी टाइप करता येई. मजकूर इस्की या आठ बिटांच्या संकेतांत साठवला जाई, ज्याचे भारतीय मानक 1991 साली आयएस 13194 या क्रमांकाने निघाले. हे काम कार्डावरील विद्युत मंडलाकडून होत असल्यामुळे नव्या संगणकावर डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या प्रोग्राममध्ये ही सूची उघडली की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांच्या रांगा दिसत. म्हणून जुने यंत्र टाकून देता येत नव्हते.

दुसरा थर सूचीच्या प्रोग्रामचा. तो मराठी दप्तराच्या गरजांना घट्ट बेतलेला होता. मोडी कागदांवर वर्ष बहुधा शुहूर सन या मराठेशाहीतील कालगणनेत आणि तेही अरबी शब्दांत असते. उदाहरणार्थ, ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात 1171. शुहूर वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या आरंभाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे इसवी सन काढताना कागद वर्षाच्या कोणत्या भागातला आहे हे पाहून 599 किंवा 600 मिळवावे लागतात. त्यात तारीख ‘छ’ या खुणेपुढे हिजरी चांद्रमासाने दिलेली असते, आणि चांद्रमास सौरवर्षात मागे सरकत जातात. शब्द टाकले की वर्ष काढून देणारी कोष्टके त्या सभासदांनी प्रोग्रामला जोडली होती आणि त्यांत स्वतःच्या वाचनातून सापडलेल्या अपवादांची भर घातली होती. मूळ प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर कोणाजवळ उरला नव्हता. यंत्राला चालवता येईल असे त्याचे अंतिम रूप तेवढे शिल्लक होते.

तिसरा थर हार्ड डिस्कचा. त्या काळच्या बायॉसला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला, डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगावी लागे. बायॉसच्या पद्धतीत सिलिंडर जास्तीत जास्त 1024, आयडीई या त्या काळच्या जोडणीच्या डिस्कच्या पद्धतीत हेड जास्तीत जास्त 16, सेक्टर 63, आणि प्रत्येक सेक्टर 512 बाइटचा. यांचा गुणाकार 52,84,82,304 बाइट, म्हणजे 504 मेगाबाइट होतो. त्यापुढची जागा असल्या यंत्राला दिसतच नाही. पहिली डिस्क भरल्यावर सभासदांनी सुमारे 1.2 गिगाबाइटची डिस्क बसवली होती आणि ही मर्यादा ओलांडण्यासाठी ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर हा त्या वेळचा रूढ उपाय केला होता. हा प्रोग्राम डिस्कच्या अगदी पहिल्या ट्रॅकवर बसतो, डॉसच्या आधी स्मृतीत चढतो आणि डॉसला डिस्क 63 सेक्टर पुढे सरकवून दाखवतो. तो चढलेला असेपर्यंत सर्व काही सुरळीत दिसते. तो न चढता कोणी त्या डिस्ककडे पाहिले, तर तिथे डॉसच्या ओळखीचा विभागच (पार्टिशन) नाही असे वाटते.

या थराचे अस्तित्व कळण्याचा एकच मार्ग होता. यंत्र सुरू होताना पडद्यावर काही क्षण एक ओळ येई, आणि फ्लॉपीवरून सुरू करायचे असल्यास स्पेसबार दाबा, असा तिचा अर्थ होता. दप्तरी सहायकांनी ती ओळ वर्षानुवर्षे पाहिली होती. ती कशासाठी आहे असा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि पडायचे कारणही नव्हते.

## देखभालीच्या दिवशी काय घडले

तंत्रज्ञाने खोके उघडले तेव्हा मदरबोर्डवर जोडलेली पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरू लागली होती. हिरवट थर जवळच्या तांब्याच्या रेषांवर पसरला होता. या बॅटरीतील क्षार सावकाश बोर्ड खातो, त्यामुळे ती काढण्याचा निर्णय योग्यच होता. पुढे जे घडले त्यामुळे संस्थेतील काही जणांनी ‘बॅटरीला हात लावायलाच नको होता’ असे म्हटले, ते मात्र बरोबर नाही. आणखी वर्षभर ती तशीच राहिली असती तर बोर्ड वाचला असता की नाही, याची शंकाच आहे.

त्याने धूळ उडवली, कार्डे काढून त्यांच्या कडा पुसल्या व पुन्हा बसवली, बॅटरी सोल्डरचा डाग काढून वेगळी केली आणि तारेने जोडलेला नवा बॅटरी-संच बसवला. बॅटरी निघताच यंत्राची मांडणी बॅटरीच्या आधारे लक्षात ठेवणाऱ्या सीमॉस स्मृतीतील नोंदी पुसल्या गेल्या. डिस्कचे आकडे, फ्लॉपीचा प्रकार, घड्याळ, सर्व कोरे झाले. त्याने आधीचे आकडे टिपून घेतलेले नव्हते. डिस्कवरच्या चिठ्ठीवर सिलिंडर, हेड, सेक्टर छापलेले होते, ते पाहून त्याने भरले. यंत्र नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी, सवयीप्रमाणे, आपली तपासणीची डॉस फ्लॉपी आत सारून त्याने यंत्र सुरू केले. कोऱ्या झालेल्या सीमॉसने सुरुवातीचा क्रमही मूळपदावर नेला होता, म्हणजे आधी फ्लॉपी आणि मग हार्ड डिस्क.

यंत्र फ्लॉपीवरून सुरू झाले. डिस्क मॅनेजर चढलाच नाही. ‘सी’ ड्राइव्ह मागितल्यावर असा ड्राइव्ह नाही, असे उत्तर आले. डिस्कचे विभाग पाडणाऱ्या एफडिस्क या डॉस प्रोग्राममध्ये पाहिले तर विभाग होता, पण तो डॉसचा नाही असे दिसले. या क्षणी डिस्क पूर्ण शाबूत होती. फ्लॉपी बाहेर काढून यंत्र पुन्हा सुरू केले असते तर बहुधा प्रकरण तेथेच संपले असते आणि हा अभ्यास लिहिण्याची वेळ आली नसती.

तंत्रज्ञाचा तर्क वेगळ्या दिशेने गेला. नुकतीच बॅटरी गेली आहे, डिस्क जुनी आहे, तेव्हा आरंभीची नोंद बिघडली असावी, किंवा जुन्या काळच्या बूट विषाणूने ती बदलली असावी, असे त्याला वाटले. डॉसच्या दिवसांत अशा वेळी एफडिस्कला एमबीआरची (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधील आरंभीच्या नोंदीची) जोड देऊन चालवणे हा सर्वत्र प्रचलित उपाय होता. तो त्याने केला. आज्ञा कोणताही प्रश्न न विचारता पार पडली, कारण ती विचारतच नाही. त्यानंतर फ्लॉपी काढून यंत्र सुरू केले, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसल्याचा संदेश आला. डिस्क मॅनेजर चढवणारा पहिल्या सेक्टरमधील मजकूर पुसून त्या जागी डॉसचा साधा मजकूर बसला होता.

पुढची पायरी त्याच्या दृष्टीने सरळ होती. डॉसचा नसलेला विभाग काढून टाकायचा, नवा करायचा, फॉरमॅट करायचे आणि बॅकअपवरून माहिती भरायची. विभाग काढण्याच्या पडद्यावर एफडिस्क होय की नाही असे विचारीत थांबलेले असताना त्याने ग्रंथपालबाईंना बोलावले.

“मॅडम, डिस्क कोरी करून घ्यावी लागेल. बॅकअप आहे ना तुमच्याकडे?”

“आहे, पण तो कधीचा आहे ते बघावं लागेल. हे केल्यावर आत्ता आहे ते परत मिळेल का?”

“तशी खात्री नाही देता येणार.”

“मग राहू द्या. बंद करा यंत्र.”

## थांबण्याचा निर्णय

ग्रंथपालबाईंना विभाग म्हणजे काय, पहिला सेक्टर म्हणजे काय, यातले काही माहीत नव्हते. त्यांनी विचारलेला प्रश्न कागद सांभाळणाऱ्या माणसाचा होता. जीर्ण कागदावर चिकटपट्टी लावायची की नाही हे ठरवताना दप्तरखान्यात पहिली विचारणा हीच असते की, हे नंतर काढता येईल का. त्या सवयीने त्यांनी डिस्ककडे पाहिले. या संपूर्ण घटनाक्रमात सर्वांत महत्त्वाचा निर्णय तंत्रज्ञान न जाणणाऱ्या व्यक्तीने घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तंत्रज्ञाचे श्रेयही येथेच नोंदवले पाहिजे. त्याने बोलावले, आणि उत्तर देताना खोटा भरवसा दिला नाही. ‘होईल सगळं’ म्हणून होय दाबणे त्याला सहज शक्य होते.

दुसऱ्या दिवशी कार्यकारी मंडळाच्या बैठकीत सूर तापलेला होता. नुकसानभरपाई मागावी, करार रद्द करावा, अशी भाषा सुरू झाली. ग्रंथपालबाईंनी मात्र आग्रह धरला की, आधी तंत्रज्ञाकडून काय काय केले त्याचा क्रमवार लेखी तपशील घ्यावा आणि तो मिळेपर्यंत दोषाचा विषय काढू नये. तंत्रज्ञाने कोणती आज्ञा दिली, पडद्यावर काय आले, सीमॉसमध्ये कोणते आकडे भरले हे आठवून लिहून दिले. प्रस्तुत लेखकाकडे हे काम सल्ल्यासाठी आले तेव्हा तोच कागद सर्वांत उपयोगी पडला. दाराशी वकिलाची नोटीस उभी असती तर तो कागद इतका सरळ लिहिला गेला असता, असे मानण्याचे कारण नाही.

## समोर असलेले पर्याय

बॅकअप पाहिला गेला. तो डॉसच्या बॅकअप प्रोग्रामने अनेक फ्लॉप्यांवर ओळीने घेतलेला होता. अशा संचात मधली एक फ्लॉपी वाचली गेली नाही तर पुढचे गणित बिघडते, आणि येथे एकापेक्षा अधिक फ्लॉप्यांवर बुरशी चढलेली होती. शिवाय तो सभासदांच्या हयातीतला होता, त्यामुळे त्यानंतरच्या नोंदी त्यात असण्याचा प्रश्नच नव्हता. छापील सूचीच्या वह्या होत्या, पण त्याही अर्धवट. म्हणजे डिस्क कोरी करून बॅकअप भरणे, हा पर्याय नावापुरताच होता.

दुसरा पर्याय बराच मोहक होता. कपाटातील फ्लॉप्यांच्या डब्यात शोधाशोध केली असता डिस्क मॅनेजरची मूळ फ्लॉपी निघाली. ती इतर ड्रायव्हरांच्या फ्लॉप्यांत ठेवलेली होती. ती घालून प्रोग्राम पुन्हा बसवला की डिस्क पूर्ववत दिसेल, असे मंडळातील एका सदस्याचे म्हणणे होते, आणि ते तत्त्वतः चूक नव्हते. या प्रोग्राममध्ये आरंभीचा भाग नव्याने लिहिण्याची सोय असते. परंतु त्याच पडद्यांवर नवी डिस्क तयार करण्याचीही सोय असते. शिवाय पंचवीसेक वर्षांच्या फ्लॉपीवरून, पाझरलेल्या बॅटरीने खाल्लेल्या बोर्डावर, एकमेव प्रत असलेल्या डिस्कवर काहीही लिहायचे, म्हणजे पहिल्या चुकीची पुनरावृत्ती नव्या आत्मविश्वासाने करणे होते. हा पर्याय नाकारला नाही, पुढे ढकलला.

तिसरा पर्याय डिस्क मोठ्या शहरातील माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे पाठवण्याचा. डिस्क फिरत नसती किंवा आतून आवाज करीत असती तर दुसरा विचारच करायला नको होता. येथे ती सुरळीत फिरत होती आणि बिघाडाचे स्वरूप तंत्रज्ञाच्या टिपणावरून बरेचसे स्पष्ट होते. म्हणून डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडायची, तिच्यावर एक बाइटही न लिहिता तिची सेक्टरनिहाय प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यायची, आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतिमेवर करायचे, असे ठरले. प्रतिमा घेताना डिस्क कुरकुरू लागली तर तेथेच थांबून व्यावसायिकाकडे जायचे, हेही आधीच ठरवून ठेवले. थांबण्याची जागा आधी ठरवलेली नसेल तर काम हातात घेतल्यावर ती सापडत नाही.

मंडळाची घाई हा या चर्चेतला खरा अडथळा होता. एका वर्णनात्मक सूचीचे काम छपाईच्या तोंडाशी आलेले होते आणि रुमालांचे क्रमांक पडताळून देण्याची मुदत जवळ होती. छापील वह्यांवरून जेवढे जमेल तेवढे पडताळून उरलेले पुरवणीत द्यावे, अशी तोड निघाली तेव्हा घाई ओसरली.

## प्रत्यक्ष काम

यूएसबीच्या जोडणीवर इतकी जुनी डिस्क नेहमी ओळखली जातेच असे नाही, म्हणून आयडीईची स्वतःची जोडणी असलेला एक मधल्या पिढीचा संगणक घेतला आणि त्यावर लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यूने प्रतिमा उतरवली. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि अडलेल्या सेक्टरांकडे नंतर वळतो, त्यामुळे दुखऱ्या जागेवर पहिल्याच फेरीत जोर पडत नाही. अगदी थोडे सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत.

प्रतिमेच्या पहिल्या सेक्टरमधील विभागांच्या कोष्टकात 54 हा सोळाच्या पायावरील प्रकार-अंक होता. तो डिस्क मॅनेजरची खूण आहे. एफडिस्कच्या त्या आज्ञेने सुरुवातीचा मजकूर बदलला होता, पण त्याच सेक्टरच्या शेवटाकडचे कोष्टक तसेच ठेवले होते. खरे कोष्टक 63 सेक्टर पुढे होते, आणि डॉसच्या विभागाची सुरुवात तेथून आणखी 63 सेक्टरांवर, म्हणजे प्रतिमेच्या 126 व्या सेक्टरला. नेहमीच्या डिस्कवर ती 63 व्या सेक्टरला असते. माहिती शोधणारे साधन केवळ नेहमीच्या जागी पाहून ‘काही सापडले नाही’ म्हणाले असते, तर अननुभवी माणसाने ते खरे मानले असते. 64,512 बाइट सोडून पुढचा भाग डिस्क म्हणून जोडल्यावर सर्व फोल्डर दिसले. फाइलींच्या साखळीची नोंद ठेवणाऱ्या कोष्टकाच्या दोन प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या, त्या जुळल्या.

सूचीची माहिती डीबीएफ या जुन्या डेटाबेस प्रकारच्या फाइलींत होती. हा प्रकार उघड्या मनाचा आहे. आरंभी रकान्यांचे वर्णन आणि मग ठराविक लांबीच्या नोंदी एकापाठोपाठ एक, त्यामुळे मूळ प्रोग्राम नसला तरी नोंदी वाचता येतात. न वाचलेल्या सेक्टरांपैकी काही लांब टिपांच्या फाइलीत पडले होते. तेवढ्या टिपा गेल्या, आणि कार्डांवरून जमतील तितक्या पुन्हा भरायच्या असे ठरले. त्या सभासदांनी काढून टाकलेल्या म्हणून खूण केलेल्या जुन्या नोंदीही फाइलीत तशाच होत्या. डीबीएफमध्ये काढलेली नोंद केवळ फुलीने झाकली जाते. त्यांतल्या काही कामाच्या निघाल्या, हा अनपेक्षित लाभ.

जुन्या यंत्राला त्याची जुनी डिस्क परत दिली नाही. तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश हे स्मृती-कार्ड आयडीई जोडणीवर बसवले आणि मुद्दाम 512 मेगाबाइट म्हणून विकले जाणारे लहान कार्ड घेतले, ज्याचे सिलिंडर 1024 च्या आत बसतात. सर्व मजकूर त्यात सहज मावला आणि डिस्क मॅनेजरची गरजच संपली. अदृश्य थर शाबूत ठेवण्यापेक्षा तो काढून टाकणे अधिक शहाणपणाचे वाटले. वस्तू जशीच्या तशी जपावी असे मानणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण ही संस्था संगणकांचे संग्रहालय नाही. तिला जपायची आहे ती सूची.

एवढे होऊनही कळफलक अधूनमधून मुका होई. बॅटरीचा क्षार कळफलकाच्या नियंत्रक चिपकडे जाणाऱ्या एका रेषेपर्यंत पोहोचला होता. या जातीच्या बोर्डांवर बॅटरी अनेकदा कळफलकाच्या जोडणीजवळच असते, त्यामुळे पहिला घाव तेथे बसतो. सौम्य आम्लाने क्षार निष्प्रभ करून, भाग धुऊन वाळवून, तुटलेल्या रेषेवर बारीक तारेचा पूल जोडला. हे काम त्याच तंत्रज्ञाने केले, आणि ते सफाईदार झाले.

## निष्पत्ती

तीस हजारांहून अधिक नोंदी परत मिळाल्या. यंत्र सुरू झाले, जिस्ट कार्ड शाबूत निघाले, प्रिंटरवर पूर्वीसारखे रुमालांचे क्रमांक उमटू लागले. मूळ डिस्क वेष्टनात ठेवली, प्रतिमेच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. देखभालीचा करार कायम राहिला, मात्र हा संगणक त्यातून वगळून स्वतंत्र कागदावर घेतला. त्या कागदावर सीमॉसचे सर्व पडदे, कार्डांवरील जंपरांच्या जागा आणि सुरुवातीच्या दोन्ही आज्ञा-फाइलींचा मजकूर आहे, आणि तो खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे.

## वेगळे काय करता आले असते

सीमॉसचे आकडे टिपून घ्यायला हवे होते, हे उघड आहे आणि त्यावर फार बोलण्याची गरज नाही. पडद्याचे मोबाइलवर दोन फोटो पुरले असते. मात्र आकडे टिपले असते तरी फ्लॉपीवरून सुरू करण्याची चूक टळली नसती, हेही मान्य करायला हवे.

अधिक विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, एकाच बैठकीत धूळ उडवणे, कार्डे काढून बसवणे, बॅटरी बदलणे आणि सीमॉस भरणे असे चार बदल झाले आणि मधे एकदाही यंत्र सुरू करून पाहिले गेले नाही. त्यामुळे शेवटी बिघाड दिसला तेव्हा तो कोणत्या बदलाचा, हे कळायला मार्ग उरला नाही, आणि तंत्रज्ञाने ज्या कारणाची त्याला सवय होती ते कारण निवडले. काम सुरू करण्यापूर्वी यंत्र एकदा सुरू करून पूर्ण पाहिले असते, तर ती स्पेसबारची ओळ त्याच्या नजरेला पडली असती. डॉसच्या काळात काम केलेल्या माणसाला ती ओळ पुरेशी बोलकी होती.

दुसरी गोष्ट वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या कृतींमधील फरकाची. एफडिस्कमध्ये विभाग पाहणे निरुपद्रवी होते, त्याच एफडिस्कने पहिला सेक्टर लिहिणे तसे नव्हते, आणि दोन्हींमधले अंतर एका शब्दाचे होते. निदान पूर्ण होईपर्यंत डिस्कवर काही लिहायचे नाही, अशी अट करारातच घालता आली असती. आता ती घातलेली आहे.

संस्थेच्या बाजूचा दोष तंत्रज्ञाच्या दोषापेक्षा लहान नाही. सभासदांच्या हयातीत त्यांच्याजवळ बसून यंत्राची रचना लिहून घेण्याचे काम कोणीही अंगावर घेतले नाही. त्यांनी स्वतः ती का लिहिली नाही, असा प्रश्न बैठकीत निघाला होता, पण तो काहीसा अन्यायाचा आहे. स्वतःच्या हाताने जुळवलेल्या यंत्रात काय विलक्षण आहे, हे जुळवणाऱ्याला सहसा दिसत नाही. ते विचारून काढावे लागते, आणि विचारायचे काम संस्थेचे.

सूची युनिकोडमध्ये घेण्याचे काम सध्या चालू आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरच आधारलेली असल्याने बहुतेक मजकूर सरळ उतरला. अडचण कऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा अशा शब्दांतील अर्ध्या र ची आली, कारण नोंदी करणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने टाइप केलेला नव्हता. ते शब्द वेगळे काढून हाताने तपासले जात आहेत. मोठी अडचण तारखांची आहे. नव्या तक्त्यात शुहूर सनाचे रूपांतर सरळ नियमाने केले, तेव्हा काही नोंदींत जुन्या प्रोग्रामने काढलेल्या वर्षापेक्षा एक वर्षाचा फरक आला. त्यांतल्या काही ठिकाणी जुना प्रोग्राम चुकलेला आहे, आणि काही ठिकाणी सभासदांनी घातलेला अपवाद बरोबर असून नवा नियम अपुरा पडला आहे. कोणते कोठे, हे रुमाल सोडून मूळ कागद पाहिल्याखेरीज सांगता येत नाही. दप्तरी सहायक ते काम करीत आहेत, आणि ते होईपर्यंत 486 चालू ठेवण्याचे मंडळाने ठरवले आहे.